शर्यतीआधीचे दिवस आणि मनाची तयारी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सायकल शर्यतींचा मोसम जवळ आला की क्रीडा पानांवर पूर्वतयारीविषयीचे लेख येऊ लागतात आणि ते आवडीने वाचलेही जातात. आपल्या दैनिकातील अशा लेखांतून सरावाचे तक्ते, आहार आणि सायकलची देखभाल यांची चांगली माहिती मिळते. मनाच्या तयारीचा विषय मात्र बहुधा शेवटच्या परिच्छेदात येतो आणि 'सकारात्मक राहा, दडपण घेऊ नका' एवढ्यावर आटोपतो. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तरुण मुलामुलींना तयार करणारा एक प्रशिक्षक या नात्याने मला हा सल्ला निरुपयोगीच नव्हे, तर काहीसा घातक वाटतो. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात दडपण येणारच. ते घेऊ नका असे बजावल्याने सायकलपटूला दडपणही सोसावे लागते आणि ते आपल्याला आले याची खंतही. या दिवसांत मनाच्या तयारीसाठी प्रत्यक्ष काय करता येते आणि त्यात आयोजकांचा व घरच्यांचा वाटा कोणता, याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

शर्यतीआधीच्या एक-दोन आठवड्यांत सरावाचे प्रमाण उतरवत नेण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. सायकलवरचे तास साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करायचे, पण जोराच्या सरावाची धार तशीच ठेवायची, यावर अभ्यासकांचे बऱ्यापैकी एकमत आहे. शरीराच्या दृष्टीने हा सावरण्याचा काळ असतो. मनाच्या दृष्टीने मात्र तो साऱ्या मोसमातला सर्वांत अवघड काळ ठरू शकतो. जो माणूस रोज काही तास सायकलवर घालवत होता, त्याच्या हाती एकाएकी मोकळा वेळ उरतो आणि तो वेळ काळजीने भरून निघतो. पाय हलके वाटतील अशी अपेक्षा असते, तर ते जड वाटतात. गुडघ्यात कधी नव्हे ती कळ येते. घसा खवखवल्यासारखा होतो, जिना चढताना धाप लागल्याचा भास होतो. एरवी ज्या बारीकसारीक दुखण्यांकडे ढुंकूनही पाहिले नसते, ती आता ठळकपणे जाणवू लागतात, कारण लक्ष द्यायला दुसरे काही उरलेलेच नसते.

वजनकाट्याचे उदाहरण घ्या. लांब पल्ल्याच्या शर्यतीपूर्वी एक-दोन दिवस आहारातील कर्बोदकांचे प्रमाण वाढवतात. या कर्बोदकांचा स्नायूंमधील साठा म्हणजे ग्लायकोजेन; त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते आणि त्यामुळे वजन एक-दीड किलोने सहज वाढू शकते. ज्याला हे आधी ठाऊक आहे तो काटा पाहून साठा नीट भरला म्हणून समाधान मानतो. ज्याला ठाऊक नाही त्याच्या पोटात गोळा येतो. चढावर हे वजन नडेल म्हणून तो जेवण कमी करतो आणि महिनाभराच्या शिस्तीवर एका संध्याकाळी पाणी पडते. म्हणून माझ्या मते मनाच्या तयारीची सुरुवात ध्यानधारणेने किंवा स्फूर्तिदायक भाषणाने होत नाही. पुढच्या सात दिवसांत शरीर कोणकोणत्या खोट्या तक्रारी करील, हे सायकलपटूला समोर बसवून शांतपणे सांगण्याने ती होते.

हे सांगितले नाही, तर भीतीपोटी हमखास घडणारी एक गोष्ट म्हणजे पाय तपासून पाहण्याचा मोह. शर्यत दोन दिवसांवर असताना मन खात्री मागू लागते आणि मग ओळखीच्या चढावर पूर्ण जोर लावून घड्याळ पाहिले जाते. वेळ चांगली आली तर ताकद रस्त्यावर सांडली, वाईट आली तर उरलेला आत्मविश्वासही गेला. कठोर सरावाचा फायदा शरीरात उतरायला एका आठवड्याहून अधिक काळ लागतो. शेवटच्या तीन दिवसांत मिळवण्यासारखे काही राहिलेले नसते, गमावण्यासारखे मात्र पुष्कळ असते. थोड्या वेळासाठी जोर लावून पाय जागे ठेवावेत, पण ते आधी ठरवल्याप्रमाणे. शंका आली म्हणून नव्हे.

दुसरा मुद्दा मनाच्या थकव्याचा आहे आणि तो आपल्याकडील लेखनात जवळजवळ येतच नाही. व्यायामशास्त्राचे संशोधक सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. सोळा जणांना एकदा ९० मिनिटे संगणकावर सतत लक्ष एकवटून करण्याचे काम दिले आणि दुसऱ्या खेपेस तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा त्यानंतर त्यांनी प्रयोगशाळेतील सायकल आपल्या कमाल शक्तीच्या ८० टक्के जोराने थकून थांबेपर्यंत चालवली. माहितीपट पाहिल्यावर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोके शिणल्यावर ६४० सेकंद. विशेष म्हणजे हृदयाचे ठोके किंवा रक्तातील लॅक्टेट (जोराच्या श्रमात वाढणारा घटक) यांत या फरकाचे कारण सापडले नाही. फरक होता तो जाणवणाऱ्या कष्टात: डोके शिणलेले असताना तोच जोर पहिल्यापासूनच अधिक जड वाटत होता आणि म्हणून सहन करण्याची मर्यादा लवकर गाठली जात होती.

प्रयोगशाळेतील दीड तासाचे काम आणि घरी फोनवर घालवलेली संध्याकाळ एकच आहे असा माझा दावा नाही. पण शर्यतीच्या आठवड्यात सायकलपटू आपले डोके कसे खर्च करतो, हे जवळून पाहणाऱ्याला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही. प्रतिस्पर्ध्यांनी काल किती किलोमीटर काढले, कोणत्या चढावर कोणी कोणती वेळ नोंदवली, वाऱ्याचा अंदाज गेल्या तासाभरात बदलला का, अमक्याने नवी चाके घेतली ती आपणही घ्यावीत का, अशा प्रश्नांचा रतीब रात्री उशिरापर्यंत चालू असतो. यातील एकाही प्रश्नाच्या उत्तराने शर्यतीच्या दिवशीचा वेग वाढणार नसतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी शेवटचे तीन दिवस इतरांच्या सरावाच्या नोंदी पाहण्यास सरळ मनाई करतो. हवामानाचा अंदाज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाहायचा, तेवढा पुरतो. (पालकांनाही हेच सांगावे लागते, कारण अंदाज पाहून तो मोठ्याने वाचून दाखवणारे बहुधा तेच असतात.)

डोके वाचवण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे निर्णय आधी घेऊन टाकणे. कोणते टायर, त्यांत हवेचा दाब किती, कोरडा रस्ता असेल तर कोणता आणि पाऊस असेल तर कोणता, किती बाटल्या, कोणत्या वेळी काय खायचे, किती वाजता उठायचे, वॉर्म-अप किती मिनिटांचा, हे सारे दोन दिवस आधी कागदावर उतरलेले असावे आणि मग तो कागद बदलू नये. नवे खोगीर, नवे बूट, नवी क्लीट (बूट पॅडलला अडकवणारी पट्टी), नवे पेय यांपैकी काहीही त्या आठवड्यात घरात येऊ नये. हे यंत्राच्या सोयीसाठी आहेच, पण त्याहून अधिक मनासाठी आहे. आदल्या संध्याकाळी हात शिवशिवत असतात. पान्हा हाती घेऊन खोगीर दोन मिलिमीटर वर करायचे, एक फेरी मारून यायचे, पुन्हा एक मिलिमीटर खाली, मग सायकल उलटी करून चेन फिरवत कान देऊन ऐकत बसायचे, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता सीटपोस्टवर, म्हणजे खोगिराच्या दांड्यावर, ठरलेल्या उंचीला चिकटपट्टीचा वेढा घालून ठेवायला लावतो. पट्टी दिसली की हात थांबतो. खोगिराची उंची बरोबर असते. अस्वस्थता दुसरीकडची असते आणि ती पान्ह्याने सुटत नाही.

त्या हातांना करायला काहीतरी हवे असते, हेही खरे. त्यासाठी अंगावरचा क्रमांक लावणे हे उत्तम काम आहे. जर्सी सपाट जागी पसरावी, कागदाचे चारही कोपरे आणि शक्य तर मधल्या कडा पिनांनी पक्क्या कराव्यात, मग जर्सी अंगात घालून सायकलवर बसल्यासारखे पुढे वाकावे आणि क्रमांक वाऱ्यात फडफडणार नाही ना, पिन पाठीला टोचत नाही ना, हे दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्यावे. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे, ते दरवेळी त्याच क्रमाने करता येते, आणि ते संपले की शर्यतीची तयारी संपली असे मनाला पटते. पहाटे अंधारात, थंड बोटांनी, सुरुवातीच्या रेषेजवळ पिना शोधत बसणाऱ्याची अवस्था आठवली की या छोट्या रीतीचे मोल कळते.

आता कल्पनाचित्रणाविषयी. डोळे मिटून विजयरेषा ओलांडताना स्वतःला पाहावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात वाईट काही नाही, पण तो अपुरा आहे, कारण शर्यत कधीही त्या चित्राप्रमाणे उलगडत नाही. स्कॉटलंडचे सायकलपटू ख्रिस हॉय यांची २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधील एक किलोमीटर टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याची शर्यत) या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. ब्रिटिश संघाबरोबर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ स्टीव्ह पीटर्स यांनी हॉय यांना आधीच विचारले होते की, तुझी पाळी येण्यापूर्वी कोणी विश्वविक्रम मोडला तर तू काय करशील? हॉय यांनी त्या प्रसंगाची मनात तालीम केली होती, आणि अथेन्समध्ये जवळजवळ तसेच घडले. ते सर्वांत शेवटी उतरणार होते आणि त्यांच्याआधीचे स्पर्धक एकामागून एक आधीची सर्वोत्तम वेळ मागे टाकत गेले. फ्रान्सच्या आर्नो तूर्नाँ यांनी तर १ मिनिट ०.८९६ सेकंद अशी वेळ दिली. हॉय यांनी १ मिनिट ०.७११ सेकंदात सुवर्णपदक घेतले. फरक एका सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी होता. पाय अर्थातच महत्त्वाचे होते, पण फलकावरचे ते आकडे पाहून धडकी भरली असती तर एवढा फरक पुसला जायला वेळ लागला नसता.

रस्त्यावरच्या शर्यतीत तर अशा प्रसंगांना तोटा नसतो. सुरुवातीलाच घोळका अपेक्षेपेक्षा जोरात सुटतो आणि आपण मागे फेकले जातो. बाजूच्या वाऱ्यात समोरच्या चाकापासून अंतर पडते. बाटली खड्ड्यात उसळून पडते, चेन उतरते, पंक्चर होते, पुढे चार जण पडलेले दिसतात. यांपैकी प्रत्येकासाठी 'असे झाले तर मी असे करीन' या स्वरूपाचे एकच वाक्य आधी ठरवून ठेवावे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा जोडवाक्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. परिस्थिती आणि कृती आधीच एकमेकींना बांधलेल्या असतील तर ऐन वेळी विचार करत बसावे लागत नाही, हे त्यामागील तत्त्व. 'बाटली पडली तर पुढच्या पाणीवाटपापर्यंत दुसरी बाटली घोटाघोटाने पुरवीन, मागे वळणार नाही.' 'अंतर पडले तर एकट्याने झेप घेण्याआधी मागून कोण येते ते पाहीन.' वाक्ये अशीच कोरडी असावीत. त्यात आवेश आला की ती आठवत नाहीत. आणि ती आठवडा आधी लिहावीत. आदल्या रात्री संकटांची यादी करायला बसले तर झोपेचे खोबरे होते.

स्वतःशी बोलण्याविषयीही असेच म्हणता येईल. मार्कोरा ज्यात सहभागी होते अशाच आणखी एका, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४ जणांपैकी निम्म्यांना कठीण क्षणी स्वतःला म्हणायची वाक्ये निवडायला आणि ती दोन आठवडे सरावात वापरायला शिकवले होते. थकून थांबेपर्यंतचा त्यांचा वेळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. उरलेल्यांचा जवळपास तेवढाच राहिला. यात मला महत्त्वाचे वाटते ते हे की वाक्ये ज्याची त्याने निवडलेली होती आणि ती सरावात घासून घेतलेली होती. प्रशिक्षकाने आदल्या रात्री हाती दिलेले घोषवाक्य हे उसने अवसान असते. ते पहिल्या चढापर्यंत टिकते.

पोटात उठणारी कालवाकालव, घामेजलेले तळवे, वाढलेले ठोके यांचे काय करावे, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. शरीर कामाला लागण्याची तयारी करत असते आणि ॲड्रेनालिन वाढले की हे सारे होतेच. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधील संशोधनात गाणे, भाषण आणि गणित अशा कसोट्यांपूर्वी 'मी शांत आहे' असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा 'मी उत्सुक आहे' असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. उत्तेजित शरीराला शांत हो म्हणणे अवघड आहे. त्याच उत्तेजनेकडे वेगळ्या नजरेने पाहणे त्या मानाने सोपे. अर्थात सगळ्यांची गरज सारखी नसते. काही जण सुरुवातीच्या रेषेवर गप्पा मारतात आणि चांगले चालवतात, काहींना कोणी हाक मारलेलीही खपत नाही. कोणाला किती चेतना मानवते हे छोट्या शर्यतींमधून टिपून ठेवावे लागते; ते पुस्तकातून कळत नाही. ठोके फारच वाढले तर श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांब ठेवून मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेणे हा उपाय बहुतेकांना मानवतो, मात्र तो आधीच्या आठवड्यांत रोज थोडा वेळ केलेला असावा.

झोपेचा बाऊ मात्र करू नये. आदल्या रात्री झोप नीट न लागणे हे अनुभवी खेळाडूंतही सर्रास आढळते, आणि अंथरुणात पडून घड्याळाकडे पाहत राहण्याने जेवढे नुकसान होते तेवढे त्या एका रात्रीच्या जागरणाने होत नाही. स्कॉटलंडचेच सायकलपटू ग्रॅम ओब्री यांनी १९९३ च्या जुलैमध्ये नॉर्वेतील हामार येथे एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम मोडण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्या रात्री ते मुद्दाम भरपूर पाणी पिऊन झोपले, म्हणजे लघवीसाठी पुन्हा पुन्हा जाग येईल आणि प्रत्येक वेळी पाय ताणून मोकळे करता येतील. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून फ्रान्सेस्को मोझर यांचा नऊ वर्षांचा विक्रम मोडला. याचे अनुकरण कोणी करावे असे मी म्हणणार नाही. पण मोडलेल्या झोपेच्या रात्रीनंतरही असे घडू शकते, एवढे कळले तरी छातीवरचे ओझे उतरते. झोपेची बेगमी आठवडाभर आधीपासून करावी, रोज अर्धा-पाऊण तास लवकर आडवे व्हावे, आणि शेवटच्या रात्रीचा हिशोब सोडून द्यावा.

काही वेळा प्रकरण नेहमीच्या धास्तीच्या पलीकडे गेलेले असते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, शर्यत टळावी म्हणून आपल्याला दुखापत व्हावी असे वाटू लागते; अशा मुलाला किंवा मुलीला या पत्रातील कोणतीही युक्ती पुरणार नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जाणे हाच मार्ग आहे, आणि प्रशिक्षकाने ते ओळखून वेळीच बोलायला हवे.

घरच्यांसाठी एवढेच सुचवतो की 'या वेळी नंबर यायलाच हवा' हे वाक्य, प्रेमाने उच्चारले तरी, त्या आठवड्यात बोलू नये. नंबर इतर पन्नास-शंभर जणांच्या पायांवर, वाऱ्यावर आणि नशिबावरही अवलंबून असतो. पहिल्या चढाच्या आधी घोळक्याच्या पुढच्या भागात असणे, ठरल्या वेळी खाणे-पिणे, शेवटच्या वळणाआधी योग्य गिअरवर असणे या गोष्टी सायकलपटूच्या हातात असतात. विचारायचेच असेल तर त्याविषयी विचारावे.

आणि आता आयोजकांविषयी, ज्यांच्यासाठी खरे तर हे पत्र लिहायला घेतले. शर्यतीचा अंतिम मार्ग आदल्या रात्री कळतो, सुरुवातीची वेळ सकाळी बदलते, क्रमांक कुठे आणि किती वाजेपर्यंत मिळणार याची तीन वेगळी उत्तरे मिळतात, वेळमर्यादा ओलांडली तर नेमके कुठे थांबवणार हे कोणालाच ठाऊक नसते. हा अनुभव अनेक ठिकाणचा आहे, कोणा एकावर बोट ठेवण्याचा हेतू नाही. पण ज्या तालमीविषयी, आधी घेतलेल्या निर्णयांविषयी आणि जोडवाक्यांविषयी वर लिहिले, त्यांतील जवळजवळ काहीच मार्ग माहीत नसताना करता येत नाही. ज्याला मार्गावर आधी सायकल चालवून पाहता येते आणि ज्याला येत नाही, त्यांच्यातील अंतर मग ताकदीचे राहत नाही. स्थानिक स्पर्धकाला वळणे पाठ असतात. बाहेरून येणारा पहिल्यांदाच त्या उतारावर ब्रेक दाबतो. वळणे, अरुंद जागा, खराब रस्त्याचे तुकडे आणि पाणीवाटपाची ठिकाणे दाखवणारा नकाशा, चढांची लांबी, वेळापत्रक आणि नियम हे सारे किमान सात दिवस आधी जाहीर करणे आणि नंतर अपरिहार्य कारणाशिवाय न बदलणे, एवढे आयोजकांनी केले तर सुरक्षितताही वाढेल. यासाठी फारसा खर्च येत नाही, कारण ही माहिती परवानग्यांच्या कागदपत्रांत बहुधा आधीपासूनच असते.

आपल्या क्रीडा विभागाने शर्यतींच्या बातम्या देताना मार्ग आणि वेळापत्रक केव्हा जाहीर झाले, हेही नोंदवण्याचा प्रघात पाडावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक सायकल प्रशिक्षक